ऑक्स नंबर दोन

"सही केली की सुटलो, असं म्हणतेस?" लिअँडरनं हातातला काटा ताटात ठेवला. "कोणापासून सुटायचंय तुला, बर्नी? बाबांपासून?"

"विहिरींपासून," बर्नडेट म्हणाली. "उगाच शब्द फिरवू नकोस."

झावळ्यांच्या रविवारची मिसा आटोपून तिघं भावंडं आईकडे जेवायला आली होती. गर्स्टनरांच्या घरात भांडणं नेहमी जेवणाच्या टेबलावरच होत आली, कारण रोझिनाच्या घरात भरल्या ताटावरून उठून जायची कुणाची हिंमत नव्हती. यंदा फरक एवढाच होता की टेबलाच्या त्या टोकाची खुर्ची मोकळी होती आणि हात आपटून "पुरे!" म्हणायला अल्फॉन्स नव्हता. फेब्रुवारीत त्याला पुरलं तेव्हा जमीन इतकी गोठली होती की खड्ड्यासाठी यंत्र आणावं लागलं होतं.

शेत आणि घर त्यानं रोझिनाच्या नावे ठेवलं. शेजारी एमेट ऑक्स यांच्या जमिनीवर त्यानं तरुणपणी खोदलेल्या दोन तेलविहिरी मात्र तिन्ही मुलांना सारख्या वाटून दिल्या आणि वर लिहून ठेवलं, की दोघांचं पटलं तर तिसऱ्यानं आडवं यायचं नाही. बर्नडेट विचिटा शहरात शाळेत शिकवायची. तिला वाटलं होतं, आता महिन्याच्या महिन्याला छोटासा का होईना, चेक येईल. आलं ते पंपाच्या दुरुस्तीचं बिल.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "असं बिल एमेटना येतं का?"

"एमेटना कशाला येईल?" ड्वेन म्हणाला. हा धाकटा. वडिलांचं आजारपण सुरू झाल्यापासून विहिरींकडे तोच बघत होता. ताटात मान घालून जेवायची त्याची सवय, बोलतानाही त्यानं ती वर केली नाही.

"तेल त्यांच्याच जमिनीतून निघतं ना?"

"म्हणून त्यांना रॉयल्टी. आठवा हिस्सा. पंप मोडो, टाकी गळो, त्यांनी वळूनसुद्धा बघायचं नाही. बाकीचं तेल आपलं. पण काढायचं आपण, विकायचं आपण, मोडलं तर जोडायचं आपण. कागदावर त्याला वर्किंग इंटरेस्ट म्हणतात. बाबा नुसतं 'कामाचा वाटा' म्हणायचे."

"आणि तेल आलंच नाही तर?"

"काम तर आहेच ना," रोझिना म्हणाली. ती सूपचं भांडं घेऊन आली होती. "तुम्हाला काय वाटलं, त्या विहिरींनी आपल्याला पोसलं? काही वर्षं पोसलं, नाही म्हणत नाही. काही वर्षं आपण त्यांना पोसलं. बर्नडेट, तुझ्या पहिल्या कम्युनियनला तू मावसबहिणीचा, हिल्डाचा, जुना झगा घातला होतास, आठवतं? त्या वर्षी नंबर एकचा पंप मोडला होता."

"तू म्हणाली होतीस तो झगा शुभ आहे म्हणून!"

"मग काय सांगायचं होतं? तुझा झगा विहिरीत गेला म्हणून?"

ड्वेन हसला. लिअँडरलाही हसू आलं, पण त्यानं ते बिएरॉकच्या घासाबरोबर गिळलं. कोबी आणि खिमा भरलेले हे पाव त्याच्या आईसारखे साऱ्या परगण्यात कुणी करत नसे.

बर्नडेट मात्र हसली नाही. घटस्फोटानंतर तिनं एकटीनं विचिटात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, आणि गेल्याच आठवड्यात तिच्या वकिलानं तिला समजावलं होतं, की हा वाटा म्हणजे नुसतं उत्पन्न नव्हे. उद्या विहिरीनं कुणाचं नुकसान केलं तर भरपाई वाटेकऱ्यांनी द्यायची. दोघांनी हात वर केले तर तिसऱ्यानं. अगदी घरावर गदा येईपर्यंत. त्या रात्रीपासून तिला, जिनं आयुष्यात कधी पंपाला हात लावला नव्हता, विहिरी स्वप्नात येत होत्या.

"विचिटाची ती कंपनी दोन्ही घ्यायला तयार आहे," ती म्हणाली. "सगळ्या जबाबदारीसकट. उद्या काही झालं तर माझं घर जाईल, या भीतीनं मला झोप लागत नाही. तेलाला सध्या कुत्रं विचारत नाही, आणि हे लोक आपणहून पैसे देतायत. कागद माझ्या पर्समध्ये आहेत."

"भाव वर येईल," लिअँडर म्हणाला.

"बाबाही हेच म्हणायचे."

"आणि यायचा! प्रत्येक वेळी यायचा. लोक घाबरून विकायचे आणि वर्षभरात डोकं धरून बसायचे. ड्वेन, सांग तिला."

"मीसुद्धा विकायच्या विरुद्धच आहे," ड्वेन म्हणाला.

"झालं!" लिअँडरनं टेबलावर हात आपटला, थेट बापासारखा, आणि आपटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "दोघांचं पटलं. विषय संपला. आई, सूप वाढ."

"माझं झालेलं नाही," ड्वेन म्हणाला. "नंबर एक ठेवू. ती अजून चांगली आहे. पण नंबर दोन बुजवायला पाहिजे. तळापासून वरपर्यंत सिमेंट भरून. तिचा आतला लोखंडी नळ सडलाय. तेलाबरोबर खारं पाणी वर येतं ना, ते वाटेत झिरपतंय. एमेटच्या घरच्या विहिरीत उतरतंय, असं मला वाटतं."

"तुला वाटतं."

"मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बरं वाटलं की बघू."

"तुला वाटतं म्हणून चालती विहीर बुजवायची?" लिअँडरचा आवाज चढला. "अजून तेल देतेय ती! सिमेंटचा खर्च माहितीये? नंबर एकचं दोन-तीन वर्षांचं सगळं तेल त्यात जाईल. एमेट काही बोललेत? एका शब्दानं?"

"नाही. पण मी गेलो की ते दुसराच विषय काढतात."

"बोललेच नाहीत, मग तू का त्यांचा वकील झालायस? बाबांना जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि हा त्यांची विहीर पुरायला निघाला!"

ड्वेनचे कान लाल झाले. रागावला की त्याला शब्द सापडत नसत. लहानपणी अशा वेळी तो टेबलाखाली जाऊन बसायचा.

लिअँडर खिडकीकडे बघत राहिला. नंबर दोनला तेल लागलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून नेलं होतं, आणि सगळी माणसं चिखलात, काळ्या तोंडानं, एकमेकांना मिठ्या मारत होती. वडिलांना नाचताना त्यानं आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. नंबर एक पैशासाठी असेल. नंबर दोन त्याची होती.

"बर्नी," तो वळून म्हणाला, "ती कंपनी विहिरी चालू ठेवणार ना?"

"म्हणजे काय. चालवायलाच घेतायत."

"मग आण तुझे कागद. बुजवण्यापेक्षा विकलेली बरी. निदान चालती तरी राहील."

हे इतकं पटकन झालं की बर्नडेटलाच धक्का बसला. ड्वेन म्हणाला, "तेल आहे तोवर चालवतील, आणि मग तशीच उघडी टाकून निघून जातील. असल्या कंपन्यांची नावंसुद्धा दर वर्षी बदलतात." पण आता त्याचं कुणी ऐकत नव्हतं. बर्नडेट पर्स शोधायला उठली.

"कागद पळून जात नाहीत," रोझिना म्हणाली. तिनं टोपलीत बिएरॉक भरून वर फडकं टाकलं. "ऑक्सांकडे आज एमेटची बायको ॲडलीन एकटीच राबते, तिचे गुडघे धरलेत. बर्नडेट, हे गरम आहेत तोवर देऊन ये. सह्या आल्यावर करा. तोवर यांचीही डोकी थंड होतील."

*

ऑक्सांचं घर गव्हाच्या दोन शेतांपलीकडे होतं. बर्नडेट गाडीनं गेली. एप्रिलचा वारा नेहमीसारखा दार उघडू देत नव्हता आणि उघडल्यावर लावू देत नव्हता.

"अल्फॉन्सची पोर!" ॲडलीननं तिला दारातच कवटाळलं. "ये, ये. एमेट गाईंकडे गेलाय. कॉफी टाकते."

ही निळ्या फरशीची स्वयंपाकखोली बर्नडेटला स्वतःच्या घराइतकीच ठाऊक होती. ती लहानपणी इथे इतक्यांदा जेवली होती की कुठल्या कपाटात काय असतं ते ती डोळे मिटून सांगू शकली असती. तिनं एक ग्लास काढला आणि नळाखाली धरला.

"ते नको, बाळ," ॲडलीन घाईनं म्हणाली. "ते हात धुवायला. प्यायचं या कॅनमध्ये आहे."

पण तोवर बर्नडेटनं घोट घेतला होता. नूडल उकडून काढल्यावर भांड्यात उरतं तसं पाणी होतं ते. मीठ आणि लोखंड. तिला थुंकायचा धीर झाला नाही. तिनं ते गिळलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"हे बघ, जुनी घरं, जुन्या विहिरी…"

"ॲडलीन. कधीपासून?"

ॲडलीन खुर्चीवर बसली. "मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यापासून. आधी टोमॅटो गेले. मला वाटलं कीड असेल. मग वासरं तोंड लावीनात. आता एमेट गावातून टाकी भरून आणतो. सोमवारी आणि गुरुवारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नळी ओढताना धापा टाकतो, पण मला हात लावू देत नाही."

"तुम्ही आमच्याकडे बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलायचं होतं? अल्फॉन्स अंथरुणावर. रोझिना त्याच्या उशाशी. त्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुझ्या विहिरीनं आमचं पाणी नासवलं?" तिनं फडकं काढून बिएरॉकचा वास घेतला. "आणि खरं सांगू का, ही स्वयंपाकखोली त्याच विहिरीच्या रॉयल्टीवर झाली. ही फरशी, ही कपाटं, आमच्या थेरेसाचं कॉलेज. वर्षानुवर्षं घरबसल्या चेक घेतले. मग तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं? एमेट म्हणतो, आपणही खाल्लंय तिचं."

"तुम्ही रॉयल्टी खाल्लीत," बर्नडेट म्हणाली. "तुम्ही विहीर चालवली नाहीत."

बोलून गेल्यावर तिला कळलं, की गेल्या आठवड्यात वकिलानं जे सांगितलं ते तिला आत्ता समजलं. त्यानं सांगितलं तेव्हा ते एक संकट होतं, अंगावर येणारं, ज्यातून निसटायचं. इथे ते एका म्हातारीच्या नळातून ग्लासात पडत होतं. आज सही करून ती सुटली असती. पण पाणी असंच राहिलं असतं, आणि ॲडलीननं हात धुवायला तो नळ असाच सोडला असता.

कॅनमधल्या पाण्याची कॉफी ती प्यायली. दुसरा कप ॲडलीननं भरायला घेतला तेव्हा तिनं कपावर हात ठेवला. आणलेलं पाणी होतं ते.

*

ती परत आली तेव्हा दोघे भाऊ वेगवेगळ्या खोल्यांत होते. ड्वेन आईबरोबर भांडी पुसत होता. त्यानंच तिला आधी पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून हातातलं ताट खाली ठेवलं.

"पाणी प्यायलीस," तो म्हणाला.

"हो."

"मला तिथे कधी ग्लासाजवळ जाऊच दिलं नाही त्यांनी."

लिअँडर हातात ताट घेऊन दारात येऊन उभा राहिला. तिनं पर्समधून कागद काढले आणि टेबलावर न ठेवता तसेच परत आत घातले. मग जे पाहिलं ते सांगितलं. टोमॅटो, वासरं, एमेटची टाकी. शाळेत शिकवताना तिचा आवाज कसा असेल ते त्या दिवशी भावांना कळलं. ती एकदाही अडखळली नाही.

"मी ड्वेनबरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "नंबर दोन बुजवायची. माझ्या वाट्याचा खर्च नंबर एकच्या तेलातून कापा. मला काही वर्षं एक डॉलर नको."

"आणि तुझं घर? मघाशी तर तुला झोप लागत नव्हती!"

"अजूनही भीती वाटतेच. पण बुजवली की ती भीती संपेल. विकली तर विकल्यानंतरही राहील."

"म्हणजे तुम्ही दोघं एक झालात." लिअँडरनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "आधी तू माझ्या विरुद्ध, मग माझ्या बाजूनं, आता परत विरुद्ध. विचिटात असंच चालतं वाटतं?"

"लिअँडर, म्हातारा माणूस पाणी वाहतोय रे."

"ऐकलं मी!"

तो विनाकारण ओरडला. मग टोपी घेतली, ताटात अर्धा बिएरॉक तसाच टाकला आणि निघून गेला. जाळीचं दार आपटलं. या घरात भरल्या ताटावरून उठून जाणारा तो पहिला.

बर्नडेट त्याच्यामागे निघाली. रोझिनानं तिचा दंड धरला.

"तू नको," ती म्हणाली. "तू जिंकलीयस. मी जाते."

*

तो विहिरीवर असेल हे रोझिनाला कुणी सांगायला नको होतं. ती ड्वेनच्या पिकअपमधून उतरली तेव्हा लिअँडर त्याचा पिकअप वाटेवर सोडून नंबर दोनच्या कुंपणाला टेकून उभा होता. पंपाची मोठी लोखंडी मान खाली वाकत होती, वर येत होती, आणि दर वेळी वर येताना दुखऱ्या कमरेसारखी कण्हत होती.

"तुलाही माहीत होतं?" त्यानं न वळता विचारलं.

"पाण्याचं? नाही. मला माहीत असतं तर मी तुझ्या बापाला अंथरुणातून उठवलं असतं."

त्याला हसू आलं नाही. वारा तिच्या चर्चच्या टोपीशी झगडत होता. तिनं ती काढून हातात धरली.

"इथे नाचले होते ते," तो म्हणाला.

"माहीत आहे. त्याचे बूट मी धुतले."

"मला हे बंद करवत नाही, आई. पुन्हा एकदा पुरल्यासारखं वाटतं."

रोझिना त्याच्याशेजारी कुंपणाला टेकली. नवऱ्याबरोबर तिनं पंचावन्न वर्षं काढली होती, आणि गेल्या दोन महिन्यांत लोकांनी तिला त्याच्याबद्दल इतकं काही सांगितलं होतं, की कधी कधी तो कुणा दुसऱ्याच बाईचा नवरा असावा असं तिला वाटायचं.

"तू त्याला नाचताना पाहिलंस," ती म्हणाली. "मी त्याला त्या नाचाच्या आदल्या रात्री पाहिलं. शेवटचे पैसे या भोकात गेले होते. न्हाणीघरात बसून रडत होता, मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून. विहीर कोरडी लागली असती तर आपण शेत विकून डेनव्हरला जाणार होतो, त्याच्या भावाकडे, कसायाच्या दुकानात कामाला. एमेटनं त्याला सांगितलं होतं, तू गेलास तरी तुझं खोदकाम मी बुजवीन, काळजी करू नकोस. एमेटचा त्यात एक पैसा नव्हता. बुजवायचं कामही त्याचं नव्हतं."

लिअँडर वळला. "हे बाबांनी कधी सांगितलं नाही."

"नाचण्याची गोष्ट सांगायला बरी वाटते." तिनं त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली, तो पन्नाशीचा नसून पाचेक वर्षांचा असल्यासारखं. "तुला ती आवडते, तर आवडू दे. विहीर बुजली म्हणून ती गोष्ट बुजत नाही. पण मी तुला बंद कर म्हणणार नाही. तुमचा वाटा आहे, माझा नाही. मी फक्त तू उपाशी उठलास म्हणून आले."

तिनं खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेला अर्धा बिएरॉक काढून त्याच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसली.

लिअँडरनं तो तिथेच उभ्यानं खाल्ला. मान खाली जात होती, वर येत होती. त्याला एमेट आठवले, धापा टाकत नळी ओढणारे, आणि मग तेच एमेट तरुणपणीचे, चिखलानं माखून वडिलांना मिठी मारणारे. त्या दिवशी इथे दोन माणसं नाचली होती. हे त्याला ठाऊक असूनही त्यानं आजवर एकाचीच आठवण ठेवली होती.

तो खांबावरच्या विजेच्या खोक्याजवळ गेला आणि खटका खाली ओढला.

मान अर्ध्यावर आली, जराशी रेटली गेली आणि थांबली. एकदम इतकी शांतता झाली की गव्हावरून जाणारा वारा वेगळा ऐकू येऊ लागला. गाडीत रोझिनानं छातीवर क्रूस केला.

थोड्या वेळानं ऑक्सांच्या वाटेवर धूळ उठली. एमेटचा जुना पिकअप खडखडत आला, मागे पाण्याची रिकामी टाकी उड्या मारत होती. म्हातारा घाईघाईनं उतरला.

"बंद पडली?"

"नाही," लिअँडर म्हणाला. "बंद केली."

एमेटनी थांबलेल्या पंपाकडे पाहिलं, मग लिअँडरकडे, मग गाडीत बसलेल्या रोझिनाकडे. टोपी मागे सारून त्यांनी डोकं खाजवलं.

"ॲडलीनला आज झोप यायची नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं त्या कण्हण्यावर झोपतेय ती."

"सिमेंटवाल्यांना सांगतोय आम्ही. तिघं मिळून." लिअँडरनं रिकाम्या टाकीकडे पाहिलं. "पण एमेट, बुजवली म्हणून पाणी लगेच गोड होणार नाही. वर्षं लागतील. किती ते ड्वेनलाही सांगता येत नाही."

"मला ठाऊक आहे रे."

"तोवर पाणी मी आणीन."

"काही गरज नाही. मी अजून मेलो नाही."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. विहिरीचं काम आहे ते. विहिरीचं काम आमच्याकडे असतं."

एमेट पिकअपच्या मागे गेले, टाकीचे पट्टे सोडू लागले, आणि गाठ सुटेना तेव्हा बाजूला सरकून त्यांनी लिअँडरला जागा दिली. दोघांनी मिळून टाकी उचलून लिअँडरच्या गाडीत ठेवली.

"नळीचं तोंड गळतं," एमेट म्हणाले. "तिथे चिंधी बांधावी लागते. आणि सोमवार-गुरुवार असं धरून चाललेत ॲडलीनचे कपडे धुवायचे दिवस."

"उद्या सोमवार आहे," लिअँडर म्हणाला.

"मग उद्या ये."